मध्यरात्रीची घंटा

गेल्या वर्षी श्रावणात डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "अम्मा, मधुमेह अजून आत आलेला नाही, पण दारात उभा आहे. आठ किलो वजन उतरवा." ही बातमी मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, ती चूकच झाली. तासाभरात दोन तट पडले. पुण्याची आतेबहीण म्हणाली, दिवसातून दोनदाच जेव, मधल्या वेळात पाण्याखेरीज तोंडात काही घालू नकोस. तिच्या सुनेचं म्हणणं नेमकं उलटं: दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहा, पोट रिकामं ठेवशील तर रात्री ताटावर तुटून पडशील. सासू-सुनेचं जुंपलंय हे पाहून आतेबहिणीच्या यजमानांनी तोडगा काढला. "तुमच्या तंजावरात वैद्यकाची एवढी बाडं पडली आहेत. त्यांत काय लिहिलंय ते बघून सांग की."

त्यांनी चेष्टेनं म्हटलं होतं. मी मनावर घेतलं. शाळेतली नोकरी संपून दोन वर्षं झाली होती आणि सरस्वती महाल ग्रंथालय आमच्या मेलवीथीतल्या घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. वजन उतरवायला चालायचं होतंच.

आधी पुण्या-मुंबईकडचा वाद थोडक्यात सांगते, कारण हे नियतकालिक वाचणाऱ्या सगळ्यांच्या कानावर तो गेला असेलच असं नाही. 2018च्या सुमारास महाराष्ट्रात जेवणाच्या वेळांवरून घराघरात पक्ष पडले. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: खरी भूक ओळखा, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा. ही मूळ कल्पना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांची, असं ते स्वतःच सांगतात. प्रत्येक वेळी खाल्लं की इन्सुलिन वाढतं, म्हणून वेळाच कमी करा, हा त्यामागचा युक्तिवाद. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर: घरचं, आपल्या मातीतलं खा, भात-तूप सोडू नका आणि फार वेळ उपाशी राहू नका. दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला त्यांच्या 2009च्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकापासून लोकांच्या तोंडी बसला. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, सोसायटीच्या सभेत लोक या दोन नावांवरून भांडत होते म्हणतात. आम्ही साडेतीनशे वर्षांपूर्वी घाट उतरून कावेरीकाठी आलेली माणसं. तिकडचं भांडण इकडे पोचायला वेळ लागतो, पण पोचतं.

ग्रंथालयात मी पहिल्यांदा मागितलं ते 'भोजनकुतूहल'. नावावर भाळूनच. रघुनाथ गणेश नवहस्त हा त्याचा कर्ता. व्यंकोजीराजांनी 1675-76च्या सुमारास तंजावर घेतलं. पुढे त्यांची राणी दीपाबाई हिचा या पंडिताला आश्रय मिळाला. समर्थ रामदासांशीही त्याचा स्नेह होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी कागदपत्रांची जुळवाजुळव करून या ग्रंथाचा काळ 1675 ते 1700च्या दरम्यान ठरवला. ग्रंथ संस्कृतात आहे, पण धान्या-भाज्यांची मराठी नावं मधून मधून डोकावतात आणि ती वाचताना परक्या गावात ओळखीचा माणूस दिसावा तसं होतं. 1956 साली त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत त्याचा पहिला भाग छापला गेला. मराठी पंडिताचं, तंजावरच्या राणीच्या आश्रयाने उभं राहिलेलं पुस्तक केरळात छापलं गेलं, हे आमच्या दक्षिणेच्या तऱ्हेला धरूनच झालं.

रघुनाथपंत स्वतःचं मत फारसं सांगत नाहीत. ते संग्राहक. आधीच्या वैद्यकग्रंथांतून, निघंटूंतून, धर्मशास्त्रांतून वेचून त्यांनी तांदळापासून पाण्यापर्यंत प्रत्येकाचे गुणदोष मांडले. म्हणजे त्यांच्या मागे जावं तर चरक, वाग्भट, भावप्रकाश यांच्याकडेच पोचतो. मी पोचले. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे मूळ संदर्भापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नाही, हा एक रोगच.

आणि तिथे आतेबहीण आणि सून दोघींचीही पंचाईत झाली. भावप्रकाशासारख्या ग्रंथांत नियम आहे तो प्रहरांचा. एक प्रहर म्हणजे तीन तास. जेवल्यावर एका प्रहराच्या आत पुन्हा खाऊ नये, कारण आधीच्या अन्नाचा रस अजून तयार होतोय. आणि दोन प्रहर उलटू देऊ नयेत, कारण मग बळ घटतं. तीन तासांच्या आत नाही, सहा तासांच्या पुढे नाही! सुनेचे दोन तास पहिल्याच अटीत बाद. आतेबहीण सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला जेवते, ती दुसऱ्या अटीत बाद. मी गटावर हे टाकलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पण खरं सांगायचं तर ग्रंथकारांचा भर घड्याळावर नाहीच. त्यांना भीती आहे ती 'अध्यशना'ची, म्हणजे आधीचं पचलं नसताना वर आणखी खाण्याची. ढेकर शुद्ध आली, अंग हलकं वाटलं, मलमूत्र साफ झालं, भूक आणि तहान लागली, तर आधीचं जिरलं. आता बसा पानावर. वाग्भट तर पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवायला सांगतो. लठ्ठपणाविषयी चरकाचं म्हणणं मला फार मार्मिक वाटलं. मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यातच फिरतो आणि अग्नी फुंकत राहतो, म्हणून लठ्ठ माणसाला भूक जास्त लागते, खाल्लेलं पटकन जिरतं आणि तो पुन्हा मागतो. म्हणजे लठ्ठ माणूस हावरट असतो असं तो म्हणत नाही. हावरेपणा हे त्या रोगाचंच लक्षण, असं म्हणतो. त्यावर उपाय: पचायला जड पण पोसणारं नाही असं अन्न. जव, मूग, कुळीथ, ताक, मध. आमच्या डॉक्टरांनी 'फायबर' म्हणून जे सांगितलं ते याहून फार दूर नव्हतं. मात्र हा भाग वाचून मी कुणाला फोन केला नाही. सुनेला आनंद होईल म्हणून.

आता सरफोजीराजांकडे वळायला हवं, कारण तंजावर आणि वैद्यक म्हटलं की सगळे तिकडेच वळतात. दुसरे सरफोजी, जन्म 1777, गादीवर 1798, मृत्यू 1832. जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या हाताखाली शिकलेले. गादीवर आल्यावर पुढच्याच वर्षी, 1799च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला, मानमरातब आणि नेमणूक उरली. राज्य गेलेल्या माणसाने काय करावं? यांनी पुस्तकं जमवली, छापखाना काढला, मोतीबिंदूच्या रुग्णांच्या टिपणी डोळ्यांच्या चित्रांसकट लिहून ठेवल्या आणि धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपी औषधं एका छपराखाली पारखली जात. तिथले गुणकारी ठरलेले योग तमिळ पद्यात बांधले गेले. सरस्वती महालाने ते रोगवार खंडांत छापले आहेत. 'शरभेंद्र' हे त्या पुस्तकांवरचं नाव म्हणजे सरफोजींचंच संस्कृत रूप. 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी पुस्तकही त्याच काळातलं. मुदपाकखान्यात सामिष, निरामिष आणि साहेबी धाटणीचे पदार्थ कसे होत ते त्यात आहे. ते वाचताना डॉक्टरांचा सल्ला अर्धा तास विसरायला होतो.

(सांबार हे संभाजीराजांच्या नावावरून पडलं, तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली, ही कथा मला दर पर्यटक विचारतो. गोष्ट चांगली आहे. कागद कुणी दाखवलेला नाही.)

1826च्या मार्चमध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरात राजांना भेटला. त्याने वर्णन केलंय ते भक्कम बांध्याच्या, ससाण्यासारख्या नजरेच्या, झुबकेदार पिकल्या मिशांच्या देखण्या पुरुषाचं. लाव्हॉझिए आणि लिनिअसवर बोलणारा राजा पाहून बिशप चकित झाला. पुढे आठवड्याभरातच तो त्रिचनापल्लीला वारला. दरबार हॉलमध्ये फ्लॅक्समनने घडवलेला राजांचा संगमरवरी पुतळा आहे, त्यातही पोट सुटलेलं नाही. मला उगीचच थोडी असूया वाटली.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते राजांच्या एका इंग्रजी पत्रात, आणि ते पत्र वैद्यकाचं नव्हतं. कारभार गेल्यावर कंपनीची नजर छत्रांच्या उत्पन्नाकडे वळली होती. छत्र म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरची अन्नछत्रं, बहुतेक राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने बांधलेली, गावंच्या गावं तोडून दिलेली. ती आपल्याकडे राहावीत म्हणून जानेवारी 1801मध्ये सरफोजींनी रेसिडेंटला पत्र लिहिलं. वय तेव्हा तेवीस. धर्मपालांनी 1983 साली 'द ब्युटिफुल ट्री' या पुस्तकात ते छापलं ते तिथल्या शिक्षणाच्या उल्लेखासाठी. मी वाचलं ते जेवणासाठी.

राजे लिहितात त्याचा आशय असा. ब्राह्मणापासून परैयांपर्यंत, जोगी, जंगम, अतीत, फकीर, कुणीही वाटसरू येवो, त्याला भात मिळतो. ज्याला शिजवलेला नको, त्याला कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालतं. मध्यरात्री घंटा वाजवतात आणि पुकारा करतात: ज्यांना अजून मिळालेलं नाही, त्यांनी यावं, तुमचा भात तयार आहे. आजारी वाटसरूला औषध आणि त्याला मानवेल असं पथ्याचं अन्न, बरा होईपर्यंत. तान्ह्यांना दूध. वाटेत बाळंत झालेल्या बाईला तीन महिने आसरा. आणि वाटसरूंची पोरकी झालेली मुलं छत्रातल्या पंतोजीच्या हवाली. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाणं.

तीन वेळा. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. राजांच्या पत्रात जेवणाच्या वेळा मोजल्या आहेत त्या फक्त पोरक्या मुलांच्या. पत्र आर्जवाचं आहे, तेव्हा चित्र थोडं उजळून रंगवलेलं असणार, हे मान्य. छत्रात पंगती एकत्र बसत नव्हत्या हेही मला ठाऊक आहे. तरी जो माणूस कंपनीला पटवू पाहतोय, तो 'तीन वेळा' हे आपल्या बाजूचं बळकट कलम म्हणून लिहितो. कारण मोठ्यांच्या जगात तेव्हा तीन वेळा कुणी जेवत नव्हतं. शास्त्राने गृहस्थाला दोन वेळा सांगितलं होतं, सकाळी आणि संध्याकाळी, मधे काही नाही. यतीला एकदा. आणि विधवेला एकदा.

इथे मला माझ्या आजीबद्दल लिहायला हवं. ते मी टाळत होते.

आजीचा जन्म 1908चा, वैधव्य 1934 साली. तेव्हापासून 1983 साली जाईपर्यंत ती एकभुक्त होती. दुपारी बाराच्या सुमारास, सगळ्यांची पानं झाल्यावर, सोवळ्यात एकटी जेवायची. रात्री कधी मूठभर लाह्या, कधी दूध, एकादशीला तेही नाही. आमच्याकडे तमिळ-मराठीच्या मिश्रणात एक वाक्य नेहमी बोललं जाई: "आजीचा कोठा बघा, एक दिवस वैद्य लागला नाही." काठीसारखी सडसडीत होती. पाहुणे आले की तिचं उदाहरण दिलं जाई, आज लोक ज्यांचं वजन उतरलं त्यांचे फोटो दाखवतात तसं.

नऊ-दहा वर्षांची असताना एकदा पहाटे उठून मी स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडे रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवत. सकाळी तो ताक-मीठ घालून मुलांना, गड्यांना. त्या भातावरचं आंबूस पाणी म्हणजे नीरागारम्. आजी चुलीपाशी पाठमोरी उभी होती आणि पितळी लोट्यातून ते पित होती. विधवा, सोवळं, शिळ्याचं पाणी. मला काही कळायचं वय नव्हतं, पण काहीतरी पाहू नये ते पाहिलं एवढं कळलं. ती वळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी पिते आहे. पाणी म्हणजे जेवण नव्हे."

मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे, कारण दोनदा-एकदाच्या थोरवीचे लेख वाचताना मला तो लोटा दिसतो. आजीचा कोठा साफ होता की नाही, कुणी विचारलं नव्हतं. तिला भूक लागायची.

आणि तिची भूकही आमच्या घरातली सगळ्यात मोठी नव्हती. वेण्णारच्या काठी आमची थोडी मिरास होती, धानाची. तिथे राबणाऱ्यांना मजुरी धानाच्या मापात मिळे आणि बांधावर कांजी. ते किती वेळा जेवतात हा प्रश्न आमच्या ओसरीवर कधी निघाला असेल असं वाटत नाही. 25 डिसेंबर 1968च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात 44 दलित माणसं एका झोपडीत जाळून मारली गेली. बहुतेक बायका आणि मुलं. भांडण मजुरीचं होतं: मापभर धान वाढवून मागण्याचं आणि लाल बावट्याची संघटना सोडायला नकार देण्याचं. भाताच्या कोठारात, भात पिकवणाऱ्यांनी. पचनावरच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. मला ते वगळून तंजावरच्या जेवणाचा इतिहास लिहिता येत नाही.

नीरागारम् मात्र त्याच सुमारास मध्यमवर्गाच्या घरांतून निघून गेलं होतं. त्याची जागा कॉफीने घेतली. इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपती यांनी कॉफीच्या तमिळनाडूतल्या आगमनावर फार रसाळ लिहिलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ती घरात शिरली, तेव्हा म्हातारी मंडळी शंख करत होती की या पाण्याने बायका बिघडल्या आणि पोटं बिघडली. तोवरचं सकाळचं पेय म्हणजे भाताचं पाणी. कॉफी आली तशी तिच्या जोडीला खाणं आलं. कॉफी क्लब निघाले, इडली-डोशाला ठरलेली वेळ मिळाली आणि 'टिफिन' हा साहेबांचा शब्द तमिळ झाला. सकाळी दहाचं आणि रात्री आठचं अशा दोन जेवणांच्या मधल्या मोकळ्या जागा भरत गेल्या. माझ्या आईच्या दिवसात सकाळी सहाला कॉफी, आठला टिफिन, एकला जेवण, चारला पुन्हा टिफिन-कॉफी, रात्री जेवण. दर दोन-तीन तासांनी काहीतरी. म्हणजे सुनेचा पंथ आमच्याकडे पूर्वीच येऊन गेला होता, फक्त कुणी त्याला पथ्य म्हटलं नव्हतं. वर तिरुवैयारूचा अशोका हलवा होताच, मुगाचा म्हणून पौष्टिक समजला जाणारा, तुपात पोहणारा.

आणि भातही बदलला होता. उखळात कांडलेला, अंगावर कोंडा राहिलेला तांदूळ गेला, गिरणीचा पांढराशुभ्र आला. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन 1920च्या दशकात उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण घालून पाहत होता. शिखांच्या जेवणावरचे उंदीर धष्टपुष्ट, मद्रासी भातखाऊंच्या जेवणावरचे मरतुकडे. आमच्याकडे अजून कुणी हे ऐकलं की रागावतं. पण त्याच्या उंदरांना खायला किती वेळा मिळालं यावर निकाल ठरला नव्हता. ताटात काय पडलं, यावर ठरला होता.

आजच्या शास्त्राकडे मी गेले तेव्हा गंमत अशी की दोन्ही पक्षांना पुरावा एकाच शहराने दिलेला दिसला. 1964 साली प्रागच्या फाब्री आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की जे पुरुष दिवसात कमी वेळा जेवतात त्यांच्यात वजन आणि कोलेस्टेरॉल जास्त आढळलं. 'थोडं थोडं, वारंवार' या मताला त्यातून मोठं बळ मिळालं. 1989 साली टोरोंटोत जेंकिन्सने सात पुरुषांना तेच अन्न एकदा तीन जेवणांत आणि एकदा सतरा तुकड्यांत दोन-दोन आठवडे दिलं. तुकड्यांत कोलेस्टेरॉल उतरलं. सतरा! दिवसभर खाण्याखेरीज दुसरं काम नसावं लागतं. मग 2014 साली पुन्हा प्रागमध्येच कहलेओवा आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या 54 रुग्णांना समान उष्मांक देऊन बारा आठवडे दोन जेवणांवर आणि बारा आठवडे सहा जेवणांवर ठेवलं. दोन जेवणांत सरासरी 3.7 किलो उतरले, सहांत 2.3. आतेबहिणीला मी हे कळवलं आणि सोबत एक ओळ जास्त लिहिली: त्यांची दोन जेवणं म्हणजे न्याहारी आणि दुपारचं. रात्री काही नाही. ती ओळ तिने वाचली नसावी. निदान उत्तर आलं नाही.

पचनाचं म्हणाल, तर रिकाम्या आतड्यात दर दीड-दोन तासांनी एक लाट उठते आणि राहिलेलं पुढे झाडून नेते. खाल्लं की ती थांबते. प्रहराचा नियम बांधणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त ढेकर होती आणि पुष्कळ पोटं पाहिलेली होती. दोघांचं म्हणणं जुळतं म्हणून मी नाचणार नाही, पण सतत चरत राहण्याची खोड मात्र मी सोडली. चारचं टिफिन बंद केलं. कॉफीतली साखर बंद केली. ते जास्त अवघड गेलं. सकाळी नऊला, दुपारी दोनला, रात्री साडेसातला. तीन वेळा, पोरक्या मुलांसारखं. भात अर्धा, पालेभाजी दुप्पट, आठवड्यातून तीनदा कुळीथ. दहा महिन्यांत साडेपाच किलो. डॉक्टर म्हणाले, चालेल. वेळांमुळे झालं की भातामुळे की ग्रंथालयाच्या फेऱ्यांमुळे, त्यांनाही सांगता आलं नाही, मलाही नाही.

2023च्या एका पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्याच वर्षी 25 ऑगस्टला तमिळनाडूच्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू झाली आणि मुख्यमंत्र्यांनी ती जिथे सुरू केली ते तिरुक्कुवळै गाव जुन्या तंजावर जिल्ह्यातलंच. शाळेतलं दुपारचं जेवण कामराजांच्या काळापासूनचं, एम.जी.आर.नी 1982 साली ते सगळीकडे नेलं. आता सकाळचंही. घरचं रात्रीचं धरलं तर पुन्हा तीन.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. मार्गळीत तिच्याकडे गेले होते. सकाळचे सव्वाआठ, थंडी, अंगणात रांगेने स्टीलच्या ताटल्या. पोंगल होता, वर सांबार. एक मुलगा उशिरा धावत आला, डब्याचं झाकण लागलं होतं. आया त्याच्यावर ओरडली आणि ओरडता ओरडताच झाकण काढून वाढायला लागली. मी बघत उभी आहे हे पाहून तिने मला विचारलं ते आमच्याकडे सगळे सगळ्यांना विचारतात तेच, "साप्पिट्टाच्चा, अम्मा?" जेवलात का.

माझे नऊ वाजायचे होते. मी नाही म्हणाले, आणि ती ताटली शोधायला लागली.